मांडीवर दिलेली मुलगी

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग अंगावर काटा येतो. हसू माझंच मला. एका निरपराध भाजीवालीला मी भर मंडईतून, कोथिंबिरीच्या पाटीसकट, संशयित म्हणून ठाण्यात आणलं होतं. तिचा अपराध एवढाच की सिटी बसमध्ये तिनं माझ्या मांडीवर एक बाळ ठेवलं.

तेव्हा मला फौजदार होऊन वर्षही झालं नव्हतं. वळसंगच्या आमच्या घरातली मी पहिली वर्दीवाली. खोलीवर आरशासमोर उभी राहून “नाव काय तुझं?” हे वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघायची. हे नातीला सांगितलं तर ती म्हणाली, “आजी, एकदा करून दाखव ना.” दाखवलं. मांजर तेवढं पळालं.

खबर अशी होती की बाजारच्या दिवशी भवानी पेठेकडून रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या बसमध्ये बायकांची टोळी फिरते. एकीनं गर्दीत आपलं मूल शेजारणीच्या हातात द्यायचं, आणि तिचे हात अडकले की दुसरीनं तिच्या गळ्यातलं काढायचं. साध्या वेशात सापळा लावायचं ठरलं. मी काठाची साडी नेसले, गळ्यात मुलाम्याची साखळी घातली. सोबतीला ठाण्यातले जुने हवालदार, तेही साध्या कपड्यांत. बसमध्ये चढण्याआधी ते मला म्हणाले, “मॅडम, तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा. तोंड गरीब दिसतंय, चोरी हात करतोय.”

हा सल्ला मी वेदवाक्य मानला.

बस भवानी पेठेच्या थांब्यावर आली तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. हवालदार दाराशी लोंबकळत होते. कंडक्टर ओरडत होता, “पुढं सरका, पुढं सरका! मधी मैदान मोकळं हाय की!” मी बाकाच्या वाटेकडच्या टोकाला बसले होते, खिडकीकडे एक पन्नाशीची भाजीवाली, पायांत पाटी. माझी मान दाराकडे वळलेली. चढणाऱ्या प्रत्येकीचे हात मी तपासत होते. बस पुढच्या थांब्याजवळ आली तसा शेजारून आवाज आला, “पोरी, धर की जरा,” आणि माझ्या मांडीवर चार-पाच महिन्यांची एक मुलगी आली. बस थांबली. भाजीवाली पाटी डोक्यावर घेऊन “सरा, सरा” करत उतरूनही गेली.

तिच्याकडे मी पाहिलंही नाही. मी हात बघत होते ना!

स्टेशनला बस रिकामी झाली. हवालदार, कंडक्टर, मी आणि ती मुलगी एवढेच उरलो. मुलगी टकामका माझ्याकडे बघत होती. मी गळ्याला हात लावला. साखळी गायब.

त्या क्षणी मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते. मूल हातात, साखळी लंपास, खबर तंतोतंत खरी! “ती भाजीवालीच!” मी ओरडले. हवालदार शांतपणे म्हणाले, “मॅडम, आपलं लेकरू टाकून साखळी कोन न्हेतंय?” पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. मंडई फार लांब नव्हती. कोथिंबिरीच्या ढिगामागे बाई सापडली आणि मी तिला चौकशीला आणली.

ठाण्यात मी आरशासमोरचा आवाज लावला.

“बाळ कुणाचं?”

“मला काय म्हाईत?”

“तू दिलंस माझ्याकडे!”

“व्हय, दिलं की. माजा स्टॉप आला. दुसऱ्याचं लेकरू घिऊन उतरू व्हय?”

“आणि साखळी?”

“कंची साखळी?”

मी टेबलावर हात आपटला. बाई कानडीत काहीतरी पुटपुटली. तिला वाटलं, या शहरी पोरीला काय कळतंय. मी वळसंगची, तिथं अर्धं गाव कानडी बोलतं. अक्षरन् अक्षर कळलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण माझ्या अकलेचं वर्णन म्हणून अचूक होतं.

इकडे मुलगी भुकेनं कासावीस झाली होती. महिला शिपाई चमच्यानं दूध पाजत होती, ती थुंकून टाकत होती. शेवटी भाजीवालीच उठली. “आन इकडं. तुज्या आवाजानं काय पितीय ती? ओली झालीय, कळंना व्हय?” माझ्या टेबलावरच तिनं दुपटं सोडलं. दुपट्याच्या घडीतून माझी साखळी खळकन कागदांवर पडली. तिची तुटलेली कडी अजून मुलीच्या मुठीत होती.

मग हवालदार म्हणाले, “मॅडम, चोर घावला. पन बेडी बसायची न्हाय.”

हसण्याचा आवाज ऐकून मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं. ते हसले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं. ते म्हणाले, “साखळीचं सोडा. ही मुलगी कुणीतरी टाकली असणार. संध्याकाळपर्यंत आई मिळाली नाही तर वैद्यकीय तपासणी करून शिशुगृहात पाठवा, आणि अज्ञात आईवर मूल टाकल्याचा गुन्हा नोंदवा.”

मूल एकदा आदेशानं शिशुगृहात गेलं की आई हजर झाली तरी त्या क्षणी तिच्या हातात देता येत नाही. चौकशी, कागद, तारखा. आणि वर तिच्यावर गुन्हा, म्हणजे आधी तिलाच अटक. त्यात ही मुलगी चमचाभर दूधही घेत नव्हती. माझा आवाज आपोआप खाली आला. मी बाईंना खुर्ची दिली, चहा सांगितला.

“मावशी, बाळ तुमच्याकडं कसं आलं?”

“आत्ता कसं इचारलीस!” त्यांनी बशीत चहा ओतला. “खिडकीतनं आलं.”

“खिडकीतून?”

“अगं, दाराला चेंगराचेंगरी. भायेरनं दोन हात आत आले, त्यात ही. घेतली. आई चडंल दारातनं, म्हनलं. माजा स्टॉप आला, तुज्याकडं दिली. तू रिकामीच बसलीवतीस.”

“बाई कशी होती?”

“तोंड न्हाय दिसलं. हात इडीवालीचं. बोटं तांबूस. आन् वास घे की ह्या दुपट्याचा.”

मी दुपटं नाकाशी नेलं. तंबाखू. भवानी पेठेच्या तेलुगू विणकर वस्तीत घरोघर बायका विड्या वळतात. इतका वेळ ती मुलगी माझ्या मांडीवर होती आणि मी गळा चाचपत बसले होते.

म्हणजे मूल टाकलेलं नव्हतंच. आईनं गर्दीतून वाचवण्यासाठी ते आत दिलं आणि बस तिला न घेता सुटली. हवालदार जीप काढायला निघाले. मी त्यांना थांबवलं. त्या दिवसातला माझा हा एकच शहाणपणा, म्हणून जरा ठासून सांगते. मी म्हटलं, “ती पोलिसांना शोधत नसेल. ती बस शोधत असेल. आपण बसनंच जाऊ.”

“मी बी येनार,” मावशी म्हणाल्या. “कोतमीर तर वाळलीच. आता निकाल बगूनच जाते.”

आम्ही स्टेशनवरून उलट जाणाऱ्या बसमध्ये बसलो. कंडक्टरला सांगितलं, ड्रायव्हरला सांगितलं. आणि मग मी जे पाहिलं ते त्याच मार्गावर सकाळी मला दिसलं नव्हतं. समोरून बस आली की आमचा ड्रायव्हर वेग कमी करून खिडकीतून ओरडायचा, “लेकरू घावलंय! आय कुटं दिसली तर थांबवून धरा!” तो ड्रायव्हर मान हलवायचा आणि पुढच्या बसला सांगायला निघून जायचा. आमचं वायरलेस त्या दिवशी खरखरत होतं. हा निरोप मात्र एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत शहरभर चालला होता.

आत तर आणखी अजब. मागच्या माणसाचे तिकिटाचे पैसे सहा हातांतून कंडक्टरकडे जात होते आणि सुटे त्याच वाटेनं जसेच्या तसे परत येत होते. एका थांब्यावर खिडकीतून दप्तर आलं, डबा आला, जागा धरायला टॉवेल आला. एक पोरगा आधी डोकं आणि मग पाय असा आत आला. कुणी कुणाला नाव विचारत नव्हतं. बाहेरून काही आलं की आतून हात निघत होते, जसे काही त्या बसलाच फुटले होते. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. अख्खी सकाळ मी याच हातांत चोर शोधत होते.

मुलगी रडून रडून गप्प झाली होती, आणि ते गप्प होणं मला ऐकवत नव्हतं.

एका चौकाच्या अलीकडे समोरून येणारी बस करकचून थांबली. तिचा ड्रायव्हर अर्धा बाहेर येऊन हातवारे करत होता. दोन बसगाड्या भर रस्त्यात खिडकीला खिडकी लावून उभ्या राहिल्या. मागं रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. त्या बसच्या खिडकीत एक तरुण बाई उभी होती, केस सुटलेले, तेलुगूत काहीतरी ओरडत होती. तिनं दोन्ही हात बाहेर काढले. बोटं तांबूस होती.

“थांबा,” मी म्हणाले, “आधी ओळख पटवायला हवी, नाव-पत्ता—”

मावशींनी मुलगी कधीच खिडकीतून पलीकडे दिली होती.

ओळख पटली. मुलीनं आईच्या पदरात तोंड खुपसलं आणि ते बाहेर काढलंच नाही. दोन्ही बसमधली माणसं एकदम बोलायला लागली, कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. मी उतरून त्या बसमध्ये गेले, मागोमाग मावशी.

आईला मराठी जेमतेम येत होतं. मुलीला दवाखान्यात दाखवून तिला वळलेल्या विड्या कारखान्यात पोचवायच्या होत्या. बस सुटल्यावर ती मागून धावली, मग मिळेल त्या बसमध्ये चढत राहिली. प्रत्येक बसमध्ये लोकांच्या मांड्यांवर बघायची आणि उतरायची. पोलिसांकडे गेली नाही, कारण पोलीस आधी तिलाच धरतील, अशी तिला भीती होती. मावशी माझ्याकडे बघून खोकल्या.

गुन्हा दाखल झाला नाही. डायरीत मूल आईच्या ताब्यात दिल्याची नोंद झाली. टोळी पुढे दुसऱ्या अधिकाऱ्यानं पकडली. त्यांच्याकडे एकही मूल नव्हतं. खबऱ्यानं पदरचा मीठमसाला घातला होता. मावशींची सगळी कोथिंबीर मी विकत घेतली. आठवडाभर आमच्या मेसमध्ये वड्या होत्या.

नोकरीत पुढे खूप हात पाहिले. बेडी घालताना पाहिले, पंचनाम्यात पाहिले. माणसावर संशय घ्यायचं शिक्षण मला सरकारनं दिलं आणि ते उपयोगीही पडलं. पण ज्या विश्वासावर हे एवढं शहर रोज सकाळी उठून कामाला जातं, तो मला सिटी बसनं दाखवला, तोही माझी फजिती करून. आजही मी बसनंच फिरते. नात मोबाईलवर रिक्षा मागवते म्हणते, मी नको म्हणते. जागा मिळाली की मांडी मोकळी ठेवते. कुणाची पिशवी येते, कुणाचं दप्तर. एखाद्या दिवशी नशीब असेल तर बाळही.

त्या दिवशी नंतर ठाण्यात जबाबावर आईनं तेलुगूत सही केली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. माझ्यातला फौजदार अजून पुरता शमला नव्हता. मी तिला दरडावून विचारलं, “पोटची पोर अनोळखी माणसाच्या हातात दिलीस, निदान तोंड तरी बघायचं होतंस!” तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच या गावात नवी होते. आणि म्हणाली,

“तोंड कशाला बघायचं, मॅडम? आतनं हात आले की.”