घाटातल्या बंगल्याचा पाहुणा

घाटातली रेल्वे बांधणाऱ्या साहेबांनी जंगलाच्या कडेला एक लाकडी बंगला उठवला होता. तिथं माझे वडील, अण्णा, तीस वर्षं खानसामा होते. साहेब गेले, मग शेकरू नि धबधबे बघायला मुंबईचे पाहुणे येऊ लागले. गाडीची शिट्टी ऐकू आली की अण्णा बंब पेटवायचे. पाहुणा स्टेशनावरून चढ चढून येईपर्यंत पाणी कढत. आणि पाहुणा जेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. आई चिडायची, पण नेम म्हणजे नेम.

पुढे बंगल्याला कुलूप लागलं आणि मी अण्णांना पिंपरीला, आमच्या दोन खोल्यांत आणलं. तोवर आईही गेली होती आणि त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. पिंपरीत शिट्ट्यांना काय तोटा! दर गाडीला बंब पेटायचा; घरात येईल तो त्यांचा पाहुणा, त्याला वाढूनच ते जेवायचे. रातपाळी करून आलेला नवरा धुरानं उठून बसायचा, शेजारीण मला बोल लावायची. एकदा मी वैतागून ओरडले, "अण्णा, गाड्या बंद झाल्यात. कुणीसुद्धा येणार नाही आता!"

त्यांनी निमूट बंब विझवला. सुटले एकदाची, असं मला वाटलं. मोठी शहाणी मी!

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ताट पुढं केलं की म्हणायचे, "पाहुणा जेवला न्हाई अजून. मी कसा जेवू?" डॉक्टरांनी सुई टोचली, मी पाया पडले, रडले. कशाचा उपयोग नाही. तक्रार तरी कुणाकडे करायची? आपलेच दात, आपलेच ओठ.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीची शिट्टी झाली, तशी मी पत्र्याची पेटी उचलली, बाहेर गेले आणि आमचंच दार वाजवलं.

"या बाईसाहेब," अण्णा लगबगीनं उठले. "चढ लई हाय, दमला असाल."

मीच केलेली पिठलं-भाकरी त्यांनी मला वाढली. मी ताटातली भाकरी संपवली. मग ते कोपऱ्यात आपलं ताट घेऊन बसले आणि पोटभर जेवले. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

हात धुऊन आल्यावर म्हणाले, "माझी लेक बी तुमच्याच वयाची हाय. पिंपरीला असती."

"येते का भेटायला?"

"न्हाई. लई वाट बघतो."

"येईल," मी म्हटलं. संध्याकाळच्या गाडीची शिट्टी झाली, तेव्हा मी पुन्हा पेटी घेऊन दाराबाहेर उभी होते.