हळदीला टिकलेला कान

तुर्भ्याला एका ट्रकने माझ्या स्कूटरला घासलं आणि माझा उजवा कान गेला. ऐकू येतं, फक्त बाहेरचा कान उरला नाही. वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी तिथल्या हाडात दोन स्क्रू बसवले आणि त्यांवर लावायला सिलिकॉनचा कान करून दिला. इतका हुबेहूब, की चष्म्याची काडी पुन्हा जागेवर बसली तेव्हा मला रडूच आलं.

आधी लोहचुंबक होतं. कान जवळ नेला की तो आपोआप जागेवर बसे, आरसाही लागत नसे. पण आडवा धक्का लागला की सुटे. एकदा भाजीवालीसमोर हेल्मेट काढलं तर कान हेल्मेटमध्येच! बिचारी कोथिंबीर हातात धरून बघतच राहिली.

तेवढ्यात लेकीचं लग्न ठरलं. आमच्या खाडीकाठच्या गावात हळदीला नवरीचा बाप खुर्चीवर बसून राहत नाही, त्याला ओढून नाचवतात. सगळ्या गावाच्या पायाखाली माझा कान, या विचाराने माझी झोप उडाली.

"क्लिपवाला करू या," बाई म्हणाल्या. दोन स्क्रूंना जोडणारी बारीक दांडी आणि कानामागच्या क्लिपा तिला पकडणार. "घट्ट बसेल. पण ओढ लागली तर ताण स्क्रूंवर येईल. शिवाय दांडीखाली रोज साफ करावं लागेल, नाहीतर कातडी सुजते. चुंबकाला एवढी कटकट नाही. तुम्हाला कान नेमका कशासाठी हवाय?"

"नाचायला," मी म्हणालो. बाई हसल्या आणि क्लिपा केल्या.

दांडीखालचं मला दिसत नसे, म्हणून ते काम बायकोने घेतलं. रोज सकाळी बारीक ब्रश घेऊन ती मागे उभी राही. मी वैतागलो की म्हणे, "गप बसा. लेकीच्या हलदीला नाचाचं हाय ना?" तिचे उपकार मी कुठे ठेवू!

बाईंनी एकच ताकीद दिली होती, कानाला हळद लावू नका, डाग जाणार नाही. मी घरात सगळ्यांना बजावलं. तसंही अपघातापासून सगळे माझ्या डाव्या बाजूनेच येत. उजवीकडे कुणी खांद्यावर हातसुद्धा ठेवत नसे.

हळदीच्या दिवशी मी मनसोक्त नाचलो. कान हलला नाही. आणि नाचता नाचता मोठ्या बहिणीने दोन्ही हात भरून हळद घेतली, माझं तोंड धरलं आणि गाल, मान, दोन्ही कान खसाखसा माखले. माझ्या लग्नात माखले होते तसेच.

मग तिने कपाळावर हात मारला. "अरं देवा, तुजा कान! मी तं इसरलीच रं!"

डाग गेला नाही. बाई म्हणाल्या, नवा करून घ्या. मी नको म्हणालो. ती विसरली होती, मला तेवढंच हवं होतं.