उकडलेलं बियाणं

सातवीला मी अपरिवर्तनीय बदल शिकवते. पुस्तकात कागद जळतो, दुधाचं दही होतं. मला मात्र दर वर्षी मुर्री गावातल्या सासरच्या घरातलं ते पोतं आठवतं.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. सासूबाई एका लग्नाला गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी एक पोतं धान उकडून ठेव. खोलीत दोन पोती होती. मी शहाणी! न विचारताच एक ओढलं, भिजवलं, उकडलं, अंगणात पसरलं. मग उरलेल्या पोत्यात हात घातला, तर दाणे जाडे. मी शिजवलं होतं ते बारीक, वासाचं धान. सासूबाईंना त्यांच्या आईनं दिलेलं, दर वर्षी शेताच्या एका तुकड्यात, एका बांधीत पेरून जपलेलं बियाणं.

दोन दिवस कडक उन्हात वाळवलं. वजन तेच, रंगही जवळपास तोच. पाणी आत गेलं तसं बाहेर आलं, मग जीवही परत येईल की! बीएस्सी झालेली बाई मी, आणि खरंच असं पुटपुटत होते. एक दाणा सोलला. आतला तांदूळ पिवळट, काचेसारखा. तरी पोतं शिवून जागेवर ठेवलं आणि जाडं धान उकडायला घेतलं.

सासूबाई परतल्या. पोत्यांच्या खोलीत त्या गेल्या की मी हातातलं काम टाकून मागोमाग जायचे. एकदा पोळ्या लाटत होते, तेव्हा अर्जुनी मोरगावहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. स्पीकर चालू होता. "आपल्या मायच्या धानाचं डबाभर बियाणं आहे. पाठवू का कांडू?"

सासूबाई हसल्या. "कांड वं बाई, खीर कर. माझ्यापाशी पोतंभर आहे."

माझं लाटणं थांबलं. "काय झालं वं?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हटलं.

पावसाळा लागला, रोपांसाठी बी पेरून पऱ्हे टाकले. शेजारच्या बांध्या हिरव्यागार झाल्या, आमचा तेवढाच तुकडा काळा. दहाव्या दिवशी सासूबाईंनी माती उकरली, एक दाणा सोलून पाहिला.

"उकडलं होतं का?"

"हो," म्हणाले आणि रडायलाच लागले.

"चुकलं त चुकलं. तवाच काऊन नाही सांगतलं?"

बांधावर उभं राहूनच त्यांनी बहिणीला फोन लावला. डबा आहे का, एवढंच विचारलं.

"कधीचाच संपला वं! लेकरं वाट्या चाटून राहिले होते."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. फोन ठेवला. हातातला दाणा त्यांनी पुन्हा मातीत दाबला आणि वरून माती सारखी केली.