दातांत धरलेलं सोपट

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझा उजवा कान वाजायला लागला. स्टोव्ह दुसऱ्या खोलीत सुरू राहावा तसा बारीक, न थांबणारा सूर. मी नुकतीच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले होते. दिवसभर कानाला हेडफोन, पलीकडून लोकांची ओरड. कायम करण्याआधी कानांची तपासणी होणार होती. कान गेला की नोकरी गेली, एवढा सरळ हिशेब होता आणि तो माझ्या डोक्यातून क्षणभरही जात नव्हता. मी बसले की उठायचे, उठले की फिरायचे. वाडीतल्या पंपाजवळ गेलं की त्याच्या धडधडीत कानातली ती शिट्टी बुडायची, पंप बंद झाला की पुन्हा हजर. घरात मी कुणाशी धड बोलत नव्हते.

घरात म्हणजे आईच. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. सांडोर गावातली आमची केळीची आणि भाजीची वाडी आई एकटीने ओढत होती. माझं कानाचं ऐकून ती घाबरायची सोडून हसली.

"तुजे बाबाच ते. आता तुला पन हाक मारतात."

कान वाजला की मेलेल्यांपैकी कुणीतरी स्वर्गाच्या वाटेवर अडकलाय आणि आपल्याकडे प्रार्थना मागतोय, असं आमच्या आळीत सगळेच मानायचे. आईचा कान तर कित्येक वर्षं वाजत होता. आधी ती आवाज आजोबांच्या नावावर टाकायची, बाबा गेल्यावर तो बाबांचा झाला. आवाज वाढला की हातातलं काम ठेवून ती एक 'नमो मारिया' म्हणायची आणि मग बाबांना वाडीची खबर द्यायची. कुठला घड उतरला, कुणाची गाय कुंपणात शिरली.

मला चीड यायची. जिवंतपणी ज्यांनी मला कधी दुसऱ्यांदा हाक मारली नाही, ते बाबा आता माझा कान सोडत नव्हते! तरी भीतीपोटी मी चर्चमध्ये बाबांच्या नावाने प्रार्थनेची मिस्सा दिली. लसणाचं तेल घातलं. कानाच्या डॉक्टरांकडे कान धुऊन घेतला. "कान स्वच्छ आहे," म्हणाले. स्वच्छ कान घेऊन मी काय करू, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचं राहून गेलं.

त्यात जांभई देताना जबडा दुखायला लागला. अक्कलदाढ असेल म्हणून स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवली आणि तोंड उघडायला लावलं. उजवीकडे कट्‌ असं वाजलं.

"हा कान वाजतो का?"

मी कानाचं काही बोललेच नव्हते. नुसतं "हो" म्हटलं.

"दातांनी काय ओढता?"

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमची पडवी आली. रोज संध्याकाळी आम्ही दोघी सकाळच्या बाजारासाठी माठ-मेथीच्या जुड्या बांधायचो. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताने तिला सोपटाचा, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीच्या ओल्या पट्टीचा फेरा, आणि दुसरं टोक उजव्या दाढांत धरून हिसका. आमच्याकडच्या सगळ्या बायका अशाच बांधायच्या. जबड्याचा सांधा कानाला लागूनच असतो, तो दुखावला की कान वाजू शकतो, डॉक्टर म्हणाले. दातांनी ओढणं बंद, मऊ खा, शेक घ्या.

मी जवळजवळ पळतच घरी आले. आई पडवीत दातांत सोपट धरून बसली होती. मी सगळं एका दमात सांगितलं आणि वर म्हटलं, "तुझा कानही त्यानेच वाजतो. उद्यापासून तूही दातांनी ओढायचं नाही."

तिने सोपट तोंडातून काढलं.

"तुजा बंद कर," ती म्हणाली. "तुजा कान नोकरीचा हाय. माजा राहू दे."

मी भांडले, पण ती ऐकेना. मी पायाच्या अंगठ्यात टोक अडकवून जुड्या बांधायला शिकले. हळूहळू शिट्टी विरळ झाली, मग गेली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्या शांततेतही मी अस्वस्थच. मधूनच मान वळवून कान देत बसायचे, आणि काहीच ऐकू आलं नाही की पुन्हा कान द्यायचे.

तपासणीत मी पास झाले. कायम झाल्याचं सांगायला संध्याकाळी घरी आले तेव्हा आई जुड्या बांधत होती. तिने हात पुसून माझ्या कपाळावर क्रूस काढला.

"आता तुला कायच आयकू येत नाय?"

"नाही, आई."

"बरं. मग मीच सांगते त्यांना, तू कायम झालीस म्हनून."

आणि तिने सोपटाचं टोक पुन्हा दाढांत धरलं.