कळण्याची भाकरी बंद केली तरी

शेठने यांना सुताच्या काट्यावर उभं केलं. सुरतेजवळ उधन्यात, लूमच्या कारखान्यात, सगळ्यांसमोर. बेचाळीस किलो. "आ तो दारूमां गयो," शेठ म्हणाला. सगळे हसले. मी तिथेच बॉबिन भरत होते. मीही हसले. शेठ हसला म्हणून मी स्वतःच्या नवऱ्यावर हसले. यांनी दारूला कधी तोंड लावलं नव्हतं.

हे खाली उतरले, चप्पल घातली, लूमवर गेले. 

दिवाळीपासून यांच्या पोटात जळजळ होती. मिरची कमी केली. मग दोन घासांत ताट सरकवायला लागले. "मनं पोट भरी गयं," म्हणायचे. होळीनंतर काल खाल्लेलं आज उलटून पडायचं. शी काळी, डांबरासारखी. आम्ही म्हटलं, कळण्याची भाकरी खातो, पिठात काळा उडीद असतो, त्यानं असेल. मी कळणं बंद केलं. पंधरा दिवस नुसता भात आणि ताक. तरी काळीच. तेव्हा ध्यानात आलं, हे खाण्याचं नाही, आतलं काहीतरी आहे.

शेठच्या ओळखीच्या डॉक्टरला हेच सांगितलं. हात न लावता तो बाटलीतलं औषध लिहीत होता. "शेठने बताया, पीता है. और तू क्या डॉक्टर है? टट्टी देखती है?" बाकावरचे लोक हसले. मी मान खाली घालून चिठ्ठी घेतली.

महिन्याने परत गेलो. यांचे पाय सुजलेले, चार पावलांत दम. "पेट को हाथ लगाओ," मी म्हटलं. "तब तक मैं उठेगी नहीं." कंपाउंडर दंड धरायला आला. मी टेबल घट्ट धरून बसले. शेवटी डॉक्टरने पोट दाबलं. पुन्हा दाबलं. मग मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तोंडातून पोटात दुर्बीण घातली. जठराचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. काळी शी म्हणजे आत झिरपलेलं रक्त, त्यांनी समजावलं. "पहले क्यों नहीं आए?"

"आये थे," मी म्हटलं.

अकरा आठवड्यांत हे गेले. मी रडले की नाही, आठवत नाही. तेरावं उरकून बॉबिनवर बसले. माझं ते हसणं मी स्वतःला माफ केलेलं नाही.

आता कारखान्यात कुणाचं ताट रोज अर्धं राहिलं, की मी सरळ विचारते. किती दिवस? वजन किती उतरलं? शी कशी होते? बाया पदर तोंडाला लावतात. लावू देत. त्या माणसाला मी स्वतः मोठ्या दवाखान्यात नेते आणि दुर्बीण होईपर्यंत दारातून हलत नाही. शेठकडे सुट्टी मागत नाही. जाते, एवढंच सांगते.