डफडं कोण वाजवणार?

गावची राखण करायची आणि डफडं वाजवून दवंडी द्यायची, हे महागू कोटवाराचं काम. नागपूरहून दीक्षा घेऊन आला त्याच दिवशी त्यानं ते डफडं गावचा कारभार पाहणाऱ्या दुलीचंद पटेलांच्या ओसरीत नेऊन ठेवलं. राखण करीन, पण जातीनं गळ्यात अडकवलेलं हे आता धरणार नाही, असं सरळ सांगितलं. पटेल हसले. खूळ आहे, उतरेल, म्हणाले. आणि डफडं खुंटीला टांगून वाट पाहत बसले. त्यात त्यांची वर्षं गेली. दुसरं काम तरी काय होतं म्हणा!

पुढे तहसिलीत एक साहेब बदलून आले, ते समुद्राकाठचे. वैनगंगेच्या काठावर उभं राहून त्यांनी गावाला समुद्राच्या लाटा समजावल्या: पाणी आधी मागं कसं सरतं, मग घराएवढं होऊन अंगावर कसं येतं. गावानं समुद्र पाहिला नव्हता, पण मान हलवायला तो पाहावा लागत नाही. शेवटी बंदोबस्त ठरला. पूर आला की कोटवारानं डफडं वाजवायचं, ते ऐकताच सगळ्यांनी टेकडी गाठायची. समजलं? सगळे म्हणाले, हौ. महागू म्हणाला, मी वाजवणार नाही. पण साहेब तोवर जीपमध्ये बसले होते आणि पटेलांना ऐकायचंच नव्हतं.

त्या भादव्यात वैनगंगा फुगली. भरदुपारी अख्खी झाडं मुळासकट वाहत येताना पाहून महागू पळत सुटला. आपल्या मोहल्ल्यात त्यानं नुसती हाक दिली. त्याच्या बायकोनं, शेवंताबाईनं, भाताचा गंज चुलीवरून तसाच उचलला आणि तिच्यामागं मोहल्ला टेकडीकडे निघाला.

मग तो पटेलांच्या गल्लीत शिरला. दारोदार घसा फोडला. पण तिथले लोक पडले शहाणे. पूर असता तर डफडं वाजलं नसतं का, म्हणाले आणि सुपारी कातरत बसले. पाणी खालच्या अंगणांत आलं. त्या घरांत लेकरं होती. महागूचा जीव तीळतीळ तुटत होता. एका थापेत गल्ली रिकामी झाली असती, हे त्याला कळत नव्हतं थोडंच!

तो पटेलांच्या ओसरीत चढला. पटेल खुलले. "आला ना शेवटी? घे, वाजव."

महागूनं खुंटीवरचं डफडं काढलं आणि पटेलांच्याच गळ्यात अडकवलं. "म्या सोडलं ते सोडलं. तुमी वाजवा, पटेल. नाही तं बसा बुडत."

पटेलांनी खाली पाहिलं. पाणी पायरीला लागलं होतं. मग काय वाजवलं म्हणता! ताल नाही, सूर नाही, पण गल्ली लेकराबाळांसकट टेकडीवर पोचली. एकही माणूस दगावला नाही.

पूर ओसरल्यावर साहेब आले आणि बंदोबस्तावर खूश झाले. डफडं कोणी वाजवलं, त्यांनी विचारलं. महागू पुढे झाला.

"आमच्या पटेलानं, साहेब. पुढच्या पुरालेही तेच वाजवतीन. त्याईचा हात बसला आता."

साहेबांनी तसा हुकूम तिथंच देऊन टाकला. समजलं? सगळे म्हणाले, हौ. पटेलांनाही म्हणावं लागलं.