आडनावाचा रकाना

सत्तर साली माझं पोस्टिंग जबलपूरच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये झालं. हुद्दा नाईक, काम क्लर्कचं. गाव माझंच, वडील इथल्याच फॅक्टरीत फिटर. सकाळी सहाला पीटी, नऊला ऑफिस. नव्या रंगरुटांचे फॉर्म मी भरायचो. फॉर्मवर तीन रकाने असत: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मराठी माणसाला त्यात काय खटकणार? आमचं नाव असतंच तसं.

एक दिवस तमिळ मुलखातला रंगरूट समोर आला. नाव मुरुगन. वडील सेल्वम. आडनाव विचारलं.

"नहीं है, साब."

"सबका होता है."

"हमारे गाँव में किसी का नहीं, साब."

रकाना रिकामा राहिला की फॉर्म परत येई. मी आडनावाच्या जागी सेल्वम लिहून टाकलं आणि पुढच्याला बोलावलं.

आमच्याकडे हाक आडनावाने. हवालदार मेजर परेडवर ओरडे, "सेल्वम, पेट अंदर. सेल्वम, गधे की औलाद." आठवड्याने मुरुगन अर्ज घेऊन आला. म्हणाला, "साब, सेल्वम मेरे अप्पा हैं. उनका नाम मैं भी मुँह से नहीं लेता." अर्ज ट्रेमध्ये ठेवून मी करतो म्हणालो.

एका रविवारी त्याला घरी जेवायला नेलं. आईने हिंदीत सगळी हकीकत विचारून घेतली आणि मग माझ्याकडे वळली. "काहून रे, पोराला बापाच्या नावानं शिव्या घालून राहिले तुम्ही? तुझ्या बापाचं नाव घेऊन कोणी तुला झाडू मारायला लावलं तर?" सोमवारी करतो, असं मी तिलाही सांगितलं. केलं नाही. मुरुगनने पुन्हा विचारलं नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही दोघं एकाच कंपनीत, पश्चिम सीमेवर होतो; तो टेलिफोनच्या लाइनवर, मी वायरलेसजवळ नोंदी लिहायला. लढाईच्या तिसऱ्या दिवशी ११.१० वाजता तोफांच्या माऱ्यात टेलिफोनची लाइन तुटली. ती जोडायला मुरुगन गेला. ११.२५ ला लाइन चालू झाली. ११.३० ला वायरलेसवर आवाज आला.

"सेल्वम नो मोर. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो आणि तसंच लिहिलं. तेच नाव वर गेलं, तेच त्याच्या घरच्या तारेत गेलं.

काही दिवसांनी त्याच्या गावच्या पोस्टमास्तरचं इंग्रजी पत्र आलं. 'तुमची तार मिळाली. सेल्वम ठणठणीत आहेत, आत्ता माझ्यासमोर बसले आहेत. चूक दुरुस्त करावी. त्यांचा मुलगा मुरुगन कसा आहे तेही कळवावं, बऱ्याच दिवसांत त्याचं पत्र नाही.'

त्या तारेला घरात सगळे हसले असणार. उत्तर मला लिहावं लागलं. चार ओळींना अख्खी दुपार गेली.

लढाईत माणूस जातो, हे शिपायाला कळतं. पण मुरुगनचं नाव शत्रूने हिरावलं नाही. ते मी हिरावलं, शांततेच्या काळात, पंख्याखाली बसून. देशासाठी जीव द्यायला त्याचं एक नाव पुरलं. आमच्या फॉर्मला पुरलं नाही.

सेंटरच्या पितळी फलकावर आजही 'सेल्वम एम.' असंच आहे. दुरुस्तीसाठी मी तीनदा अर्ज दिला. गेल्या खेपेला एक तरुण अधिकारी म्हणाला, "नाम तो है ना, अंकल." नाही. ते एका म्हाताऱ्याचं नाव आहे, आणि तो म्हातारा त्या दिवशी जिवंत होता.

दर डिसेंबरात मी त्या फलकासमोर सावधान उभा राहतो आणि तिथे जे लिहिलेलं नाही ते मोठ्याने वाचतो. शिपाई मुरुगन. वडिलांचं नाव सेल्वम. आडनाव नाही.